वीज केंद्राच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड कसा पकडतात? आपल्या साखर कारखान्यांना ते जमेल का?

वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या को-जनमध्ये (उसाच्या चोथ्यावर वाफ आणि वीज करणाऱ्या विभागात) नोकरी करतो, त्यामुळे बॉयलरच्या बाजूने सांगतो.

कोळशाच्या बॉयलरच्या धुरात कार्बन डायऑक्साइड असतो जेमतेम १२ ते १५ टक्के. गॅस टर्बाइनच्या धुरात तर ३-४ टक्केच. बाकी मुख्यतः नायट्रोजन. सगळाच धूर दाबून साठवणं परवडत नाही, म्हणून आधी हा वायू निवडून काढायचा, आणि खरा खर्च तिथेच आहे.

सगळ्यात रुळलेली पद्धत अमाइनची, म्हणजे कार्बन डायऑक्साइड धरून ठेवणाऱ्या नायट्रोजनयुक्त रसायनाची. तिचं मूळ पेटंट १९३० सालचं, म्हणजे नवं काही नाही. राख आणि सल्फर काढून धूर ४०-५० अंशांपर्यंत थंड करतात, उंच टॉवरमध्ये खालून सोडतात आणि वरून अमाइनचं द्रावण पाडतात. द्रावण कार्बन डायऑक्साइड धरतं, नायट्रोजन चिमणीतून निघून जातो. मग तेच द्रावण दुसऱ्या टॉवरमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवलं की वायू सोडून देतं आणि पुन्हा कामाला लागतं. सल्फर नीट काढला नाही तर मात्र अमाइन खराब होतं.

आता हे तापवायला वाफ कुठली? टर्बाइनचीच. साध्या अमाइनला टनामागे साडेतीन-चार गिगाज्यूल उष्णता लागते. आपल्या भाषेत, एक टन वायू पकडायला दीड-पावणेदोन टन लो-प्रेशर स्टीम. शिवाय कॉम्प्रेसरची वीज वेगळी. केंद्राची पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त वीज यातच जाते. तरी कॅनडात बाउंडरी डॅमच्या कोळसा युनिटवर २०१४ पासून हे चालू आहे. तमिळनाडूत तुतिकोरिनला २०१६ पासून बॉयलरच्या धुरातला वायू पकडून सोडा अ‍ॅश करायला वापरला.

हवेऐवजी ऑक्सिजनमध्ये कोळसा जाळला तर धुरात मुख्यतः पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइडच उरतो, पण ऑक्सिजन वेगळा काढायलाच वीज खूप लागते. मेम्ब्रेन, म्हणजे वायू गाळणारे पातळ पडदेही आहेत, पण इतका कमी कार्बन डायऑक्साइड असलेला धूर त्यांना अजून जड जातो.

आपल्याकडे? बगॅस (उसाचा चोथा) जाळणाऱ्या बॉयलरला अमाइन लावा म्हणणाऱ्याने आधी रस आटवायला वाफ कुठून आणायची ते सांगावं. आमची एक्झॉस्ट स्टीम (टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ) तिकडेच जाते, आणि हंगाम संपला की बॉयलर थंड. त्यापेक्षा डिस्टिलरीकडे बघा. फर्मेंटरमधून (मळी आंबवायच्या टाकीतून) निघणारा कार्बन डायऑक्साइड जवळजवळ शुद्ध असतो, आणि दर टन अल्कोहोलमागे तो जवळपास टनभर निघतो. टाकी धुवायला माणूस उतरवण्याआधी ब्लोअर लावून हवा खेळवावी लागते, इतका तो तळाशी साचून राहतो. तिथे निवडायचं काहीच नाही; धुवा, वाळवा, दाबा. सोडावॉटर, ड्राय आइसला गिऱ्हाईक आहे, पण मर्यादित.

उरलेला जमिनीत घालायचा तर आइसलँडमध्ये २०१२ पासून तो पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये (काळ्या ज्वालामुखी खडकात) सोडतात, दोनेक वर्षांत त्यातल्या बहुतेकाचा दगड होतो. बेसॉल्ट आपल्याही पायाखाली भरपूर आहे. पण १९६७ नंतरही कोयनेचे भूकंपाचे धक्के थांबलेले नाहीत, त्या पट्ट्यात खोलवर पाणी दाबायला मी तरी हो म्हणणार नाही.