न्यायासन, मंत्रिपद आणि पुन्हा वकिली

प्रश्न : महंमद करीम छागला मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते, नंतर केंद्रात मंत्री झाले आणि पुढे पुन्हा वकिली करू लागले. न्यायाधीशाला हे चालतं का?

उत्तर : चालतं. राज्यघटनेने बंधन घातलं आहे ते माजी न्यायाधीशाच्या वकिलीवर, त्याच्या सरकारी पदावर नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते. मूळ कलम २२० फार कडक होतं : उच्च न्यायालयाच्या माजी न्यायाधीशाला देशातल्या कुठल्याच कोर्टात उभं राहता येत नसे. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने सर्वोच्च न्यायालय आणि इतर उच्च न्यायालयं त्याला मोकळी झाली. म्हणून १९६७नंतर छागला दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात वकिली करू शकले; ज्या मुंबई हायकोर्टात १९४७पासून ११ वर्षं मुख्य न्यायमूर्ती होते, तिथे मात्र त्यांना मनाई. सर्वोच्च न्यायालयाच्या माजी न्यायाधीशाला तर कलम १२४(७)मुळे ही सवडही नाही.

मंत्रिपदाची अट वेगळी : सहा महिन्यांत संसदेचं सदस्यत्व. बस्स.

कायद्यात बसलं, तरी टीका व्हायची ती झालीच. १९५८मध्ये छागलांनी मुंद्रा प्रकरणाची चौकशी उघड सुनावणी घेऊन केली. आयुर्विमा महामंडळाचा पैसा उद्योगपती हरिदास मुंद्रा यांच्या कंपन्यांच्या शेअर्समध्ये गुंतवला गेला होता. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचं म्हणणं, व्यवहाराला आपली संमती नव्हती. छागलांनी अहवालात ठरवलं की आपल्या खात्याच्या सचिवाने केलेल्या कामाची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला झटकता येणार नाही. कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. आणि त्याच वर्षी, निवृत्तीला अजून दोनेक वर्षं असताना, छागला त्याच सरकारचे राजदूत म्हणून अमेरिकेला गेले! ते ज्या विधी आयोगाचे (कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या सरकारी आयोगाचे) सदस्य होते, त्यानेच न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पदं घेऊ नयेत अशी शिफारस केली होती. आयोगाचे अध्यक्ष मोतीलाल सेटलवाड यांना हे खटकलं, आणि आमच्या मते त्यांचा आक्षेप रास्त होता. ती शिफारस कायद्यात कधीच उतरली नाही.

प्रश्न : मंत्रिपद त्यांनी का सोडलं?

उत्तर : भाषेच्या धोरणावरून. १९६३ ते १९६६ ते शिक्षणमंत्री होते, मग परराष्ट्रमंत्री. विद्यापीठांत सगळीकडे प्रादेशिक भाषांतून शिकवण्याचं सरकारने घाईने ठरवलं; त्याने देशाची एकसंधता सैल होईल असं त्यांचं मत होतं. सप्टेंबर १९६७मध्ये ते बाहेर पडले. परराष्ट्र खात्याशी या वादाचा काही संबंध नव्हता.