समुद्रासाठी काम करायचंय, पण घरचे म्हणतात पैसा नाही

कोकणातली मुलं हल्ली हे सारखं विचारतात. कासवं, कांदळवन (खाडीकाठचं खारफुटीचं जंगल), मासळी वाचवण्याच्या कामात करिअर करायचंय, पण घरचे म्हणतात पोट कसं भरणार.

मी करिअर समुपदेशन करते. मालवणकडची एक मुलगी वडिलांना घेऊन आली होती (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत), झूऑलॉजीच्या शेवटच्या वर्षाला, वडील रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे पारंपरिक मच्छीमार. सुरुवातीला आम्ही पगारावरच बोलत राहिलो. मी आकडे सांगायचे आणि बाबा खिडकीबाहेर बघायचे. मग मी सरळ विचारलं, "बाबा, पगार उत्तम मिळाला तर पाठवाल हिला?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मॅडम, उद्या ही वही घेऊन बंदरावर उभी रवतली आणि आमच्याच माणसांची जाळी मोजतली. माका तोंड दाखवक होया मा?"

हे होतं खरं दुखणं! मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ ला जाहीर झालं तेव्हापासून तिथल्या मच्छीमारांच्या मनात भीती आहे की संवर्धन म्हणजे आपली मासेमारी बंद. त्या घरात पोरीने "मरीन कन्झर्वेशन" म्हणणं म्हणजे पलीकडच्या बाजूला जाणं.

ती म्हणाली, "बाबा, पर्ससीनवाल्यांविरुद्ध, त्या मोठ्या जाळ्याने अख्खा थवा घेरून नेणाऱ्या बोटींविरुद्ध मोर्चाला गेलात तेव्हा काय मागत होतात? मासळी शिल्लक रवाक होयी, हेच ना? मी पण तेच मागतेय."

"आमच्या बाजून रवान मागतलंस मा?" बाबांनी विचारलं, आणि दोघंही रडले.

म्हणूनच मी करिअरच्या प्रश्नाला नुसती अॅप्टिट्यूड टेस्ट देऊन मोकळी होत नाही, घरच्यांना समोर बसवते. मूल एकटं करिअर निवडत नाही, त्याच्यासोबत अख्खं घर निवडत असतं, आणि "पैसा नाही" च्या खाली बऱ्याचदा "तू आमची राहशील ना" हेच असतं. इतक्या वर्षांत हे मला फार क्वचित चुकीचं ठरलेलं दिसलंय.

आणि खरं सांगू, लोकांना सोडून हे काम होतच नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊनच कासवांची घरटी राखली, आता कासवं बघायला पाहुणे येतात आणि घरोघरी राहण्याजेवणाचे पैसे मिळतात. वेंगुर्ल्यात स्वामिनी बचत गटाच्या बायका मांडवी खाडीत कांदळवन सफर चालवतात. जाळ्यात अडकलेलं कासव जाळं कापून सोडलं तर मच्छीमाराला सरकारकडून २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते, पण तो अर्ज, ते फोटो त्याच्यासोबत बसून करणारं कोणीतरी लागतं ना? अशा ठिकाणी बंदरावरची भाषा येणारी मुलं हवीत.

बारावी सायन्स असाल तर रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात बीएफएस्सी, म्हणजे मत्स्यशास्त्राची पदवी आहे. बीएस्सी झाली असेल तर गोवा विद्यापीठात समुद्रविज्ञानाचं एमएस्सी बघा. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी लगेच मागे हटू नका, गावातला सर्व्हे, बचत गटाचे हिशोब, प्रस्ताव लिहिणं हीसुद्धा याच क्षेत्रातली कामं आहेत.

घरच्यांची पैशाची काळजी मात्र खोटी नाही. बऱ्याच नोकऱ्या प्रोजेक्टवरच्या, कंत्राटी असतात. कासवांचा सीझनही साधारण नोव्हेंबर ते मे, म्हणून होमस्टे, गाइडिंग असं दुसरं काहीतरी हाताशी ठेवा, आणि जॉइन होण्याआधी विचारा की कंत्राट कधी संपतंय, मानधन महिन्याच्या महिन्याला येतं का, बोटीवर जायचं असेल तर विमा कोण काढणार. उत्तरं लेखी घ्या आणि तो कागद घरी आईबाबांना दाखवा.