टक्का कशावर काढायचा?

प्रश्न : सोयाबीन गेल्या हंगामात एकरी 8 क्विंटल झालं, यंदा 6. मी म्हणतो घट 25 टक्के, भाऊ म्हणतो 33. बरोबर कोण? (एक वाचक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : तुम्ही. फरक 2 क्विंटलचाच, पण भागायचं आधीच्या आकड्यानं : 2 ÷ 8 × 100 = 25. भावानं 6 नं भागलं. पुढच्या वर्षी 6 चे 8 झाले, तर ती वाढ मात्र 33 टक्केच. 25 टक्के वाढीनं 7.5 वरच थांबाल.

वर्षही पारखून घ्या. कपाशीची तुलना 2017 च्या हंगामाशी करू नका. तेव्हा विदर्भात गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली होती, त्यापुढे साधं पीकही भरघोस दिसतं. म्हणूनच प्रधानमंत्री पीकविम्याचं उंबरठा उत्पादन (ज्याच्या खाली पीक गेलं तरच भरपाई मिळते, ती पातळी) एका वर्षावर ठरत नाही. मागच्या 7 पैकी चांगल्या 5 वर्षांची सरासरी घेऊन तिला जोखीमस्तरानं (सरासरीच्या जितक्या टक्क्यांना विम्याचं संरक्षण असतं, त्या प्रमाणानं) गुणतात. सरासरी 8 आणि जोखीमस्तर 70 टक्के असेल, तर उंबरठा 5.6. विम्यासाठी तुमच्या महसूल मंडळाचं (काही गावांच्या गटाचं) उत्पादन 6 ठरलं, की उत्पादनावर आधारित भरपाई नाही, मग तुमच्या वावरातली घट कितीही असो.