करार न करता कंपनीत जाऊ का?

प्रश्न: मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, आयटीआय फिटर पास. वेर्ण्याच्या एका कंपनीत अप्रेंटिस म्हणून बोलावलंय, पण म्हणतात की आधी कामाला लाग, कागद मागाहून बघू. जाऊ का?

उत्तर: कागद झाल्याशिवाय अजिबात जाऊ नकोस! १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे करार करून तो सरकारी अप्रेंटिस पोर्टलवर रजिस्टर करावा लागतो, तो नसेल तर तू अप्रेंटिस नाहीसच, नुसता स्वस्तातला हेल्पर, आणि शेवटी परीक्षा देऊन मिळणारं राष्ट्रीय सर्टिफिकेटही हातचं जातं. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, त्यामुळे तू मागतोयस ते उपकार म्हणून नाही, नम्रपणे पण स्पष्ट सांग. स्टायपेंड किती तेही करारातच बघ. मात्र वर्ष संपल्यावर कायम करायलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, घरच्यांना हे आत्ताच सांगून ठेव.

आणि एकदा आत गेलास की सीएनसीकडे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनकडे, बघत बसू नकोस रे, आधी बेंचवर हात बसव. कानस मारून झाली की जॉबला, म्हणजे घासलेल्या तुकड्याला, गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून उजेडासमोर धर, फटीतून उजेड दिसला तर तिथे अजून उंचसखल आहे. व्हर्नियरवर, म्हणजे बारीक माप घ्यायच्या कॅलिपरवर, ०.०२ मिमीपर्यंत न अडखळता वाचता आलं पाहिजे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण चांगला सुपरवायझर पहिलं तेच बघतो. वर्षभर नुसतं पॅकिंगलाच लावलं तर लेखी तक्रार कर, तुझ्या आयटीआयच्या प्लेसमेंटवाल्या सरांनाही कळव.