वर्डप्रेसची थीम अपडेट केली की मी केलेले बदल पुसले जातात. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वाचनालयाची वेबसाइट तुम्ही सांभाळता, थीमच्या, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइलींच्या संचाच्या, स्टाईल.सीएसएस या दिसण्याच्या फाइलीत फॉन्ट आणि रंग बदलले होते, पानाचा वरचा भाग बनवणाऱ्या हेडर.पीएचपीमध्ये संस्थेचा नोंदणी क्रमांक घातला होता, आणि अपडेटचं बटण दाबल्यावर सगळं मूळ रूपात आलं. शेवटी विचारलंय, ‘आता अपडेट करायचंच नाही का?’

करायचं. मीही एकदा हाच धडा चुकीचा शिकलो होतो. एका नातेवाइकांच्या मसाल्याच्या दुकानाची साइट अशीच कोरी झाली, तेव्हा सगळं पुन्हा हाताने भरलं आणि अपडेटच बंद करून टाकले. दोनेक वर्षं निवांत गेली. मग होस्टिंगवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर साइट होती त्यांनी, पीएचपी ही वर्डप्रेस जिच्यात लिहिलंय ती भाषा 7.4 वरून 8 वर नेली, जुन्या थीमला ती झेपली नाही आणि साइटच्या जागी पांढरं पान. तेही ऐन दिवाळीच्या ऑर्डरींच्या दिवसांत.

आधी गेलेलं शोधू. थीम अपडेट करताना वर्डप्रेस जुन्या फाइलींत दुरुस्ती करत नाही, अख्खा फोल्डर काढून तिथे नवा ठेवतं. त्यामुळे तुमच्या ओळी सर्व्हरवर आता नाहीत, पण होस्टिंगच्या बॅकअपमध्ये असू शकतात. तिथून फक्त जुन्या थीमचा फोल्डर मागवा. अख्खी साइट मागे नेली तर मधल्या काळात टाकलेला मजकूरही जाईल. थीम वर्डप्रेस.ऑर्गवरची असेल तर तिची तीच जुनी आवृत्ती तिथल्या साठ्यातून कोरी उतरवून घ्या आणि विनमर्जसारख्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही फोल्डर शेजारी उघडा. जिथे फरक दिसेल ते तुमचं काम. बॅकअप नसेल तर वेबॅक मशीनवर, म्हणजे जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या साइटवर, सीएसएस फाइल सापडू शकते. पीएचपी मात्र तिथे मिळणार नाही, कारण ती सर्व्हरवरच चालते आणि बाहेर येतं ते फक्त तयार पान.

आता मूळ मुद्दा. त्या फोल्डरचा सातबारा थीम बनवणाऱ्याच्या नावावर आहे, आपण तिथे काही बांधायचं नाही. आपलं बांधकाम चाइल्ड थीममध्ये, म्हणजे बाकी सगळं मूळ थीमकडून घेणाऱ्या आणि फक्त आपले बदल ठेवणाऱ्या जोडथीममध्ये. थीम्सच्या फोल्डरात शेजारी आणखी एक फोल्डर करायचा, त्यात स्टाईल.सीएसएस आणि थीमचा जादा कोड जिथे लिहितात ती फंक्शन्स.पीएचपी अशा दोन फाइली. स्टाईल फाइलच्या डोक्यावरच्या कॉमेंटमध्ये ‘थीम नेम’ आणि ‘टेम्प्लेट’ या दोन ओळी इंग्रजीत लिहायच्या. टेम्प्लेटपुढे मूळ थीमच्या फोल्डरचं नाव हवं, दिसायचं नाव नव्हे. उदाहरणार्थ, ट्वेंटी ट्वेंटी-वन या थीमच्या फोल्डरचं नाव सगळं लहान इंग्रजी अक्षरांत, जोडून, मधल्या रेघेशिवाय आहे. इथे एक अक्षर चुकलं तरी पेरेंट (मूळ) थीम सापडत नाही असं उत्तर येतं आणि माणूस तासभर भलतीकडे शोधत बसतो.

चाइल्डमधल्या फाइलींचे स्वभाव वेगवेगळे आहेत. चाइल्डमध्ये हेडर.पीएचपी ठेवली तर मूळ हेडर वाचलीच जात नाही. फंक्शन्स.पीएचपी मात्र दोन्हीकडच्या चालतात, आधी चाइल्डची, मग मूळची. म्हणून मूळची फंक्शन्स फाइल जशीच्या तशी चाइल्डमध्ये उतरवू नका. एकाच नावाचं फंक्शन दोनदा आलं की साइट बंद. आणि चाइल्डची स्टाईल फाइल काही थीम आपणहून उचलतात, काही नाही. उचलत नसेल तर फंक्शन्समध्ये एन्क्यू स्टाईलची, म्हणजे ती फाइल लोड करायला सांगणारी, ओळ लिहावी लागते.

नोंदणी क्रमांकासाठी हेडर कॉपी करायची गरज नाही, असं माझं मत. कॉपी केलेली फाइल त्या दिवसापाशी थांबते. पुढे थीमवाल्यांनी मूळ हेडरमधली एखादी चूक सुधारली तरी तुमच्याकडे जुनीच चालत राहते. फूटरमध्ये (पानाच्या तळाशी) विजेटची, म्हणजे मजकुराचा छोटा चौकोन ठेवायची, जागा असेल तर क्रमांक तिथे लिहा, एक ओळही कोड नको. वरच हवा असेल तर डब्ल्यूपी बॉडी ओपन हा हुक, म्हणजे पानाच्या सुरुवातीला आपला कोड जोडायची खुंटी, वापरा. चाइल्डच्या फंक्शन्समध्ये चार ओळींत काम होतं.

रंगासाठी तर चाइल्ड थीमही लागत नाही. कस्टमायझर या वर्डप्रेसच्या रूप बदलायच्या पानातली ॲडिशनल सीएसएसची पेटी 2016 च्या 4.7 आवृत्तीपासून आहे. तिथलं लिखाण डेटाबेसमध्ये राहतं, अपडेट त्याला शिवत नाही.

फॉन्टचं थोडं सविस्तर सांगतो, कारण मराठी साइटवर खरी डोकेदुखी हीच. मुक्तासारखा फॉन्ट चाइल्डच्या फोल्डरात ठेवून तिथूनच लोड करा. नुसता फॉन्ट बदलून भागत नाही. बऱ्याच थीम इंग्रजी शीर्षकं डोळ्यांपुढे ठेवून बनतात, त्यांत लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) दिलेलं असतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि ‘वाचनालय’चे पाच तुकडे दिसतात. ते शून्य करा. लाइन-हाइटही (ओळीची उंची) वाढवा, नाहीतर खालच्या ओळीच्या वेलांट्या वरच्या ओळीच्या उकारांना भिडतात. मी 1.7 पासून सुरुवात करतो.

तुमच्या थीममध्ये हेडर.पीएचपी आहे म्हणजे ती जुन्या पद्धतीची. नव्या पद्धतीच्या ब्लॉक थीममध्ये साइट एडिटर या वर्डप्रेसच्याच पानातून केलेले बदल डेटाबेसमध्येच जातात, तिथे हा प्रश्न येत नाही.

चाइल्ड थीम सुरू केल्यावर एकदा धस्स होईल. मेनू कदाचित जागेवर नसतील, ॲडिशनल सीएसएसची पेटीही रिकामी दिसेल. हरवलेलं काही नसतं. वर्डप्रेस या गोष्टी प्रत्येक थीमच्या नावावर वेगळ्या ठेवतं, आणि चाइल्ड त्याच्या लेखी वेगळी थीम. म्हणून ॲक्टिव्हेट करण्याआधी पेटीतला मजकूर नोटपॅडमध्ये उतरवा आणि मेनू-विजेटच्या पानांचे फोटो काढून ठेवा. मग नव्या थीममध्ये ते बसवायला अर्धा तास पुरतो.