किल्ट रोज घालायचा तर…

प्रश्न : मी एडिनबरोत नोकरी करतो. किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा चुणीदार, घागऱ्यासारखा पोशाख) रोज ऑफिसला घालायची इच्छा आहे. जीन्सच्या मापाने मागवला, तर सारखा घसरतो आणि गुडघ्याखाली येतो. वाऱ्यात उडेल याचीही धास्ती वाटते.

उत्तर : घसरण्याचं कारण मापच. जीन्स कमरेच्या हाडावर बसते, किल्ट बेंबीच्या पातळीवर. तिथे फीत धरून घेर घ्या. लांबी त्याच जागेपासून गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापर्यंत, आणि ती दुसऱ्याकडून मोजून घ्या. स्वतः वाकलात की माप चुकतं. आहे तो किल्ट आधी वर चढवून बघा. सैल वाटला तर पट्ट्यांची बक्कलं सरकवता येतात. लांबी मात्र खालून दुमडू नका. खालची कड बहुधा कापडाचा मूळ काठच असते, दुमडली की चुण्या फुगतात.

वाऱ्याचं म्हणाल, तर ८ वार कापडाचा, वाराला १६ औंस भरणाऱ्या लोकरीचा किल्ट सहसा वजनानेच खाली राहतो. हलक्या पॉलिएस्टरचा भरवसा नाही. किल्टचे दोन पदर पुढे एकावर एक येतात; पिन फक्त वरच्या पदराला लावा. दोन्ही पदरांतून आरपार टोचली तर बसताना ताण येऊन कापड फाटतं. बसताना मागच्या चुण्या हाताने खाली सारून मगच टेका, नाहीतर संध्याकाळपर्यंत त्या चुरगळतात.

खिसे नसतात, म्हणून पुढे स्पोरन, म्हणजे कमरेला अडकवायचा बटवा. ऑफिसला साधा चामड्याचा पुरे. केसाळ, चांदीकाम केलेला लग्नासमारंभाला ठेवा.

वॉशिंग मशीन वर्ज्य!