वाचकांचे प्रश्न : मदतीसाठी रॉक शो, पण पैसा पोहोचणार कसा?

प्रश्न : बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने बांगलादेशी निर्वासितांसाठी केलेल्या मैफलीचा पैसा अनेक वर्षं अडकला होता म्हणे. नेमकं काय चुकलं? (कोथरूड)

उत्तर : सगळा नाही अडकला. १ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दुपारी आणि रात्री असे दोन शो झाले. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर लगेच युनिसेफकडे गेले. घोळ झाला तो मैफलीच्या अल्बम आणि चित्रपटाच्या उत्पन्नात, आणि मोठी रक्कम नेमकी तीच होती. पंडित रविशंकरांनी विषय काढल्यावर काही आठवड्यांतच सगळं उभं राहिलं. त्या घाईत युनिसेफशी आधी रीतसर करार करून करमाफी मिळवणं राहून गेलं. अमेरिकी प्राप्तिकर खात्याने सवलत नाकारली आणि लाखो डॉलर जवळपास दहा वर्षं पडून राहिले. भरीस भर म्हणजे अल्बम बीटल्सच्याच अ‍ॅपल रेकॉर्ड्सचा, वितरण कॅपिटलचं आणि मैफलीत गायलेला बॉब डिलन कोलंबियाचा कलाकार! या कंपन्यांच्या घासाघिशीत अल्बम यायला डिसेंबर उजाडला.

१९७३मध्ये हॅरिसनने मटेरियल वर्ल्ड चॅरिटेबल फाउंडेशन काढलं आणि त्या वर्षीच्या अल्बममधल्या बहुतेक गाण्यांचं प्रकाशन-उत्पन्न संस्थेच्या नावे करून टाकलं. आमच्या मते त्याच्या मदतकार्यातला सगळ्यांत शहाणा निर्णय हाच.

प्रश्न : आमच्या कॉलेजचे चार बँड पूरग्रस्तांसाठी तिकीट लावून शो करणार आहेत. सुरुवात कुठून करू? (सिंहगड रोड)

उत्तर : हॉलपासून नाही, खात्यापासून. तुमचा गट नोंदणीकृत नसेल, तर लोकांकडून मदत गोळा करायला धर्मादाय आयुक्तालयाची कलम ४१ क खालची परवानगी लागते. गणपती मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच. त्यापेक्षा मदतकार्य करणारा नोंदणीकृत न्यास आधी गाठा, त्याच्याशी लेखी ठरवा आणि तिकिटाचा क्यूआर कोड थेट न्यासाच्या खात्याचा लावा. पैसा एखाद्या मेंबरच्या खात्यात जमा झाला की हिशेबावरून कुरबूर ठरलेलीच. हॉल, साउंड, लाइट यांचा खर्च कोण उचलणार तेही आत्ताच ठरवा. तो तिकिटांतून जाणार असेल तर पोस्टरवर ‘खर्च वजा जाता’ असं स्पष्ट छापा. व्हिडिओ टाकणार असाल, तर त्याचं उत्पन्न कुणाचं हे प्रत्येक बँडकडून लिहून घ्या.

दुसऱ्यांची गाणी वाजवणार असाल तर आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचे पैसे गोळा करणाऱ्या संस्थेचा, परवाना काढा. ‘चांगल्या कामासाठी आहे’ म्हणून तिकिटाच्या शोला तो आपोआप माफ होत नाही. मधल्या वेळेत रेकॉर्डेड गाणी लावलीत, तर ध्वनिमुद्रणाच्या हक्कांचा परवाना वेगळा.

शो उघड्यावर असेल तर पोलिसांकडून लाउडस्पीकरची परवानगी घ्या आणि रात्री १० वाजता आवाज बंद. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. सात म्हणता म्हणता साउंडचेक पावणेआठपर्यंत लांबतो, प्रत्येक बँड आपला ड्रमसेट मांडतो आणि काढतो, त्यात वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि ज्या बँडसाठी लोक आले, त्याला शेवटी दोनच गाणी मिळतात. म्हणून किट आणि बेस अ‍ॅम्प सगळ्यांना एकच ठेवा. ड्रमरने फक्त स्नेअर, सिंबल आणि पेडल आणायचे. सगळ्यात शेवटी वाजवणाऱ्या बँडचा साउंडचेक सगळ्यात आधी करा आणि पहिल्या बँडचा शेवटी, म्हणजे त्याची मांडणी तशीच राहते. मुख्य बँड साडेआठलाच चढवा.

प्रश्न : तिकिटावर ८०जी ची, म्हणजे देणगीवर प्राप्तिकरात वजावट मिळवून देणारी, पावती देता येईल का? (हडपसर)

उत्तर : नाही. तिकिटाच्या बदल्यात शो पाहायला मिळतो, त्यामुळे ती देणगी धरली जात नाही. वर कुणी स्वेच्छेने पैसे दिले, तर न्यासाने त्याची वेगळी पावती फाडावी. देणाऱ्याचा पॅन तिथल्या तिथे लिहून घ्या, नंतर फोन करत बसावं लागतं. दोन हजारांवरची रोख देणगी वजावटीला चालत नाही, म्हणून मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाइनच घ्या.